मागचा डावा कोपरा

नेरिसाला त्या दुपारी फक्त एक स्पीकर परत आणायचा होता.

स्पीकर तरी केवढा, तर ओंजळीत मावेल एवढा. तिच्या कॉम्प्युटरला असले पाच जोडलेले होते. तीन समोर, दोन पाठीमागच्या कोपऱ्यांत, आणि टेबलाखाली घुमणाऱ्या आवाजासाठी एक ठेंगणा डबा. सगळे नीट बोलू लागले की मधल्या खुर्चीत बसणाऱ्याभोवती आवाज हिंडायचा. पडद्यावरची होडी समोरून येऊन मागे निघून गेली, तर डोळे मिटलेले असले तरी मान तिच्यामागे वळावी. दुमागेतेच्या कॉलेजात नेरिसा हेच शिकली होती, आणि आता घरी बसून छोट्या छोट्या फिल्मांना आवाज जोडून द्यायची. या खेपेला सेबूच्या मंडळींची दीपगृहावरची फिल्म होती. ती संध्याकाळपर्यंत पाठवायची होती, आणि लाटा पाठीमागून यायला हव्यात अशी त्यांची ताकीद होती. मागचा डावा स्पीकर नेमका मुका झाला होता.

तो तिने नोंग सेल्सोकडे दिला होता. वयाने मोठ्या पुरुषाला नोंग, बाईला नांग. नावाआधी ते लावलं नाही तर आईची चापट ठरलेली. बाजारामागे त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गावच्या सणाला कर्णे बांधायचं कामही त्याच्याकडेच. कर्णे बांधून झाले की तो माईकवर नखाने दोन टिचक्या मारायचा आणि मग हळूच फुंकर घालायचा. टक्, टक्… फूऽऽ. तेवढं झालं की सण सुरू झाला असं गाव समजायचं. नेरिसाचा स्पीकर हातात घेऊन तो म्हणाला होता, "दोन दिवसांनी ये." आणि त्या दोन दिवसांत तो स्वतःच गेला. कामाच्या टेबलावर डोकं टेकून बसला होता, बायकोला वाटलं डुलकी लागली.

म्हणून स्पीकर आणायला जावं लागलं ते दुकानात नव्हे, त्याच्या घरी, त्याच्या शवपेटीशेजारी.

नेरिसा असल्या ठिकाणी जायला मुळीच राजी नसायची. मागून कुणी नुसती हाक मारली तरी तिच्या हातातला कप सांडायचा. पण थोरली बहीण ग्लेंडा सकाळपासून तिथे स्वयंपाकघरात राबत होती. नोंग सेल्सो ग्लेंडाच्या आठ महिन्यांच्या बाळाचा, आन्दोयचा, धर्मपिता होणार होता. बाप्तिस्मा येत्या रविवारी. त्याने बाळाला अजून पाहिलंही नव्हतं. रिकाम्या हाताने धर्मपुत्राचं तोंड बघू नये म्हणायचा. रविवारी बघेन, तेव्हा उचलून घेईन.

घरात प्रेताजवळचा जागर चालू होता. पत्त्यांचे डाव पडले होते, कॉफीवर साय धरली होती, बिस्किटांचा चुरा जमिनीवर तसाच. माती होईपर्यंत केरसुणी लावायची नाही, नाहीतर घरातलं आणखी कुणी झाडलं जातं. मेणबत्त्यांचा आणि कोमेजल्या साम्पागिता फुलांचा वास एकमेकांत मिसळून जड झाला होता. विधवा, नांग लुमिंग, उठली आणि आतून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्पीकर घेऊन आली.

"झालाय दुरुस्त," ती म्हणाली. "शेवटचा हात त्याचा यालाच लागला."

नेरिसाने तो पिशवीत टाकला. जागराच्या घरातून घासभर अन्नसुद्धा घरी नेत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण स्पीकर काही अन्न नव्हे, आणि तो तिचाच होता. नांग लुमिंग तिला सोडायला दारापर्यंत आली नाही. अशा घरातून पाहुण्याला पोचवायला येत नाहीत.

आता राहिली एकच गोष्ट. पगपग. झटकून टाकणं. मेलेल्याच्या घरून निघालं की सरळ आपल्या घरी जायचं नाही. मध्ये कुठेतरी थांबायचं. बेकरी, दुकान, चौक, काहीही चालेल, पण माणसांची वर्दळ हवी. मागे कुणी आलंच असेल तर ते गर्दीत वाट चुकतं. नाही थांबलं तर ते दारातून आत येतं, आणि आजी सांगायची, आत आलं की घरात जे सगळ्यांत हलकं असेल ते उचलतं. मेलेल्या हातांना जड पेलवत नाही.

नेरिसाही वळणावरच्या बेकरीत थांबणार होती. तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या घरातली नांग पासिंग बाळाला सांभाळायला बसली होती. तिचं म्हणणं, बाळ उठलंय, माझा भात चुलीवर आहे, आणि मला काही चार हात नाहीत. फोन ठेवते न ठेवते तोच एक तीनचाकी अगदी पायाशी येऊन थांबली. संध्याकाळपर्यंत काम, रडणारं बाळ, तापलेला रस्ता. नेरिसा बसली. बेकरी बाजूने सरकत गेली तेव्हा तिने मान वळवून पाहिलं, आणि मग मनाशी म्हणाली, जाऊ दे, एवढं काय.

नांग पासिंग दारातच उभी होती, बाळ कडेवर.

"वाटेत थांबून आलीस ना?"

"हो… बेकरीत."

म्हातारीने तिच्या हातांकडे पाहिलं. "मग पाव कुठाय?"

नेरिसा म्हणाली की तिथेच खाल्ला. नांग पासिंगने बाळ तिच्या हातात दिलं, कपाळाला आणि छातीला क्रूस केला, आणि पुढच्या दाराने जवळ पडत असूनही मागच्या दाराने निघून गेली.

आन्दोय लगेच झोपला. नेरिसाने त्याला छताला टांगलेल्या कापडी झोळीत घातलं, दोन झोके दिले आणि आपल्या खोलीत आली. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार होतं, खुर्चीत बसलं की उजव्या हाताला. बाळ ऐकू यावं म्हणून ते तिने उघडंच ठेवलं.

तिची खोली म्हणजे भर दुपारी अंधार. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तिने खिडकीला जुनी गादी लावली होती आणि भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे. गादीच्या कडेने उन्हाची एक बारीक रेघ आत यायची, तेवढीच. पंखा बंद ठेवावा लागे. तिथे स्वतःचा श्वासही दुसऱ्याचा वाटावा, इतकी शांतता.

तिने वर्तमानपत्र सोडलं. जळक्या राळेचा वास आला. ताज्या डाखाचा, जणू आत्ताच जोड लावून ठेवला असावा. स्पीकर तिने मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवला, वायर खोचली, खुर्चीत येऊन बसली आणि तपासणी सुरू केली.

पडद्यावर एका खुर्चीचं चित्र यायचं, भोवती पाच स्पीकर. एकेक करून ते टुण् टुण् वाजत जायचे. समोरचा डावा. मधला. समोरचा उजवा. मागचा उजवा. मागचा डावा…

मागचा डावा वाजला नाही.

नेरिसाने उसासा टाकला. हे नेहमीचंच. तिने कॉम्प्युटरच्या मागचे प्लग पाहिले. हिरवा हिरव्यात, काळा काळ्यात, नारिंगी नारिंगीत, सगळे घट्ट. वायर बोटांतून ओढून पाहिली, कुठे तुटली नव्हती. परत बसली, परत तपासणी लावली. टुण्, टुण्, टुण्, टुण्. शांतता. तिने हात उचलला, आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. टुण् नव्हे.

टक्, टक्… फूऽऽ.

तो आवाज तिने ओळखला. पण ती शिकलेली मुलगी होती. तिने स्वतःला समजावलं, जोड सैल असेल. सैल जोड टिकटिकतो. हवा लागल्यासारखी खरखरही येते. अशा वेळी करायचं काय, ते कॉलेजात घोकून घेतलेलं. जागा बदलून बघायची. खोट स्पीकरमध्ये असेल तर ती स्पीकरबरोबर जाते. खोट वायरमध्ये असेल तर वायरबरोबर.

तिने डावा स्पीकर उचलून उजव्या कोपऱ्यात नेला आणि उजवा डाव्यात आणला. बसली. ऐकत राहिली.

टक्, टक्… फूऽऽ. डाव्याच कोपऱ्यातून.

म्हणजे स्पीकर ठीक होता. तिला थोडं बरंसुद्धा वाटलं. मग स्पीकर परत जागच्या जागी ठेवून तिने वायरींची अदलाबदल केली. आवाज डाव्याच कोपऱ्यात. कॉम्प्युटरचा आवाज शून्यावर आणला. आवाज डाव्याच कोपऱ्यात. मग कोपऱ्यातल्या स्पीकरची वायरच उपटली आणि ती हातात धरून उभी राहिली. 

टक्, टक्.

आता खोट स्पीकरमध्ये नव्हती, वायरीत नव्हती, कॉम्प्युटरमध्ये नव्हती. एकेक गोष्ट वगळत गेलं की शेवटी जी उरते तीच खोट, असं त्यांचे सर सांगायचे. उरला होता फक्त कोपरा.

"नोंग…?" ती म्हणाली. आपण हे का म्हणालो, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

कोपरा गप्प झाला.  आणि मग आवाज आला तो मागच्या उजव्या बाजूने.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की तो काय करतोय. कर्णे बांधून झाल्यावर तो असाच फिरायचा. प्रत्येकाशी जायचा, वाकायचा, कान लावायचा, पुढच्याकडे वळायचा. आता तो तिचे स्पीकर तपासत होता, फक्त उलट्या क्रमाने, मागून पुढे. आता पाळी समोरच्या उजव्याची. आणि मागच्या उजव्या आणि समोरच्या उजव्याच्या मध्ये दार होतं. उघडं.

तिने भिंतीतला मुख्य प्लग खेचून काढला. पडदा विझला, स्पीकरांचे लाल दिवे विझले. अंधारात ती कानांनीच बघत होती. समोरच्या उजव्याकडून आता टिचकी यायला हवी होती. ती आली नाही. राळेचा वास तिच्या खांद्याजवळून गेला, आणि मग पलीकडच्या खोलीतून झोळीच्या दोरीचा आवाज आला. करकर… करकर… सावकाश, एका लयीत. कुणीतरी झोका देत असल्यासारखा.

मग आन्दोय हसला.

नेरिसा आत कशी पोचली ते तिला कळलं नाही. झोळी हलत होती. बाळ जागं होतं आणि हसत होतं, पण तिच्याकडे बघत नव्हतं. तिच्या डोक्याच्या जरा वर, पाठीमागे बघत होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं, भिंतीला पाठ लावून खाली बसली, आणि एका हाताने बहिणीला निरोप लिहिला. लगेच ये. वाटेत कुठेही थांबू नकोस. बाळ.

ग्लेंडा आली तेव्हा तिच्या कमरेला अजून जागराच्या घरचं फडकं खोचलेलं होतं. आधी तिने बाळाचं अंग चाचपलं, ताप नाही, लागलेलं नाही, मग बहिणीकडे पाहिलं. नेरिसाने तुटक तुटक सांगितलं. स्पीकर. तीनचाकी. बेकरी मागे पडली ती. ग्लेंडा ऐकत होती आणि तिचा चेहरा कडक होत गेला.

"इंदाय," ती म्हणाली. धाकटीला ती लाडाने इंदाय म्हणायची, पण आता लाड नव्हता. "एवढी कॉलेजं केलीस, आणि पाव घ्यायला थांबता येईना तुला?"

मग तिने ओरडणं आवरलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. ज्याने आणलं त्यानेच न्यायचं. तो स्पीकर पिशवीत घाल. त्याला 'चल', 'ये' असलं काही म्हणू नकोस, नुसती नीघ. गर्दीत जाऊन बस, काहीतरी खा. मागे बघू नकोस. निघताना कपडे झटक. "बाळाला मी बघते. आता आन्दोय माझ्याजवळ आहे ना, मग झालं."

नेरिसा गेली. रस्ता चढतीचा नव्हता तरी तिला धाप लागली. पिशवीतला स्पीकर पायावर आपटत होता, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता टिचकी वाजेल. बेकरीत शाळा सुटलेल्या पोरांनी कलकलाट मांडला होता. असा कलकलाट तिला एरवी सोसवत नसे, आज त्यात ती जाऊन बुडली. बाकावर बसली. गरम पाव मोडून खाल्ला. बेकरीवालीने विचारलं, कोण गेलं गं? नोंग सेल्सो म्हटल्यावर ती हळहळली आणि म्हणाली, "मग दोन खा. कुठेही बसला की तो माणूस लवकर उठणारा नव्हता."

नेरिसाला त्या वेळी हसू आलं. पहिल्यांदाच. उठून तिने झगा झटकला, बाह्या झटकल्या, केससुद्धा झटकले. पोरं बघून खिदळली. पिशवी तिने बेकरीवालीकडेच ठेवली, उद्या नेते म्हणाली. आणि खरोखरच अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. राळेचा वास गेला, तिथे फक्त भाजल्या पिठाचा वास उरला.

घरी परतली तेव्हा उन्हं कलली होती. सेबूचे दोन फोन येऊन गेले होते, पण ती फिल्म आज जायची नव्हती, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ग्लेंडा तिच्या खोलीत होती. खिडकीवरची गादी काढून तिने उजेड आत घेतला होता. सगळ्या वायरी गुंडाळून टेबलावर ठेवल्या होत्या. खोलीच्या मधोमध, खुर्ची होती त्या जागी, चटईवर आन्दोय बसला होता.

"हा बघ पाव," नेरिसा म्हणाली. "गेला. मला कळलं तो गेलेला."

ग्लेंडाने सुस्कारा सोडला आणि पाव मोडून तोंडात टाकला. ती सकाळपासून उपाशी होती. घास चावता चावताच ती सांगत होती, तुझा निरोप वाचला आणि माझ्या हातातला पेला गळून पडला, शवपेटीशी उभी होते, नांग लुमिंगला सांगितलंसुद्धा नाही. "तशीच धावत सुटले. तूच लिहिलंस ना, कुठेही थांबू नकोस. त्या तीनचाकीवाल्याला मी चौकातही…"

ती थांबली. तोंडातला घास तसाच राहिला.

 नेरिसाला बहिणीच्या कमरेचं फडकं दिसलं. त्यावर मेणबत्तीचं मेण गळून वाळलं होतं.

चटईवर आन्दोयने मान वर केली. त्याने समोरच्या डाव्या स्पीकरकडे पाहिलं. मग मधल्याकडे. मग समोरच्या उजव्याकडे. मग दोन्ही हात टेकून, सगळं अंग वळवून, मागच्या उजव्याकडे. एकाचीही वायर जोडलेली नव्हती. मग तो आणखी वळला, मागच्या डाव्या कोपऱ्याकडे, आणि तिथे त्याची नजर ठरली.

बाळाने चटईवर बोट आपटलं. एकदा, दोनदा. मग ओठांचा चंबू केला आणि हळूच फुंकर घातली.

आणि उचलून घे म्हणताना करतो तसे त्याने कोपऱ्याकडे दोन्ही हात वर केले.

ग्लेंडाने झडप घालून त्याला छातीशी धरलं. धरून तशीच उभी राहिली. मग त्याला जरा लांब धरलं, परत जवळ घेतलं, पुन्हा हातांवर तोललं, बाजारात एखादी वस्तू तोलून बघावी तसं.

"इंदाय…" ती म्हणाली, ओठ जेमतेम हलले. "जरा धर बघू याला. मघापेक्षा… हलका का लागतोय गं?"